घर आहे का अजब बंगला? आमच्या फ्लॅटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, ९८० चौरस फुटांचा. त्यात मी, माझा नवरा, आमची मुलगी आणि ५८ कलाकृती राहतो. २०२२ च्या उन्हाळ्यात सुरू करून २०२३ च्या दिवाळीपर्यंत आम्ही हे घर त्या ५८ जणांच्या सोयीनं पुन्हा मांडलं. तेव्हापासून दारात आलेला माणूस पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी ठरावीक प्रश्न विचारतो. तीच उत्तरं देऊन नवऱ्याचा घसा बसला आणि माझा संयम संपला, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

घर आहे का अजब बंगला?

हा प्रश्न सासूबाईंचा. दिवाळीला जुन्या शहरातल्या महाल भागातून आल्या, चप्पल काढली, मान गरागरा फिरवून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाल्या, "घर आहे का अजब बंगला बाप्पा?" नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झालं. त्याचं सरकारी नाव कोणाच्या तोंडी नसतं, अख्खं शहर त्याला अजब बंगला म्हणतं. लहानपणी सगळ्यांना एकदा तरी तिथं नेलेलं असतं, त्यामुळे सासूबाईंच्या बोलण्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला अजून कळलेलं नाही.

फरक एवढाच, की तिथं वस्तू काचेच्या आत असतात. आमच्याकडे त्यांच्याशेजारी वरणाला फोडणी बसते. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

एवढा पैसा आणला कुठून?

मी बँकेत आहे, नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पहिलं चित्र २००९ साली १,२०० रुपयांना घेतलं: कला शाखेच्या एका विद्यार्थ्यानं केलेला पिवळ्या मारबतीचा (नागपुरात मिरवणुकीनं नेतात तो मोठा पुतळा) लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला छाप. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची गर्दी, मधोमध ती अवाढव्य मारबत आणि कोपऱ्यात एक माणूस शांतपणे भजी खातोय. त्या भजीवाल्यासाठी मी तो घेतला. त्यानंतर वर्षाला तीन-चार गोष्टी येत गेल्या. ५८ पैकी ४० तरी पाच हजारांच्या आतल्या आहेत. सगळ्यात महाग आहे नवऱ्याचं चार बाय पाच फुटांचं अमूर्त कॅनव्हास. त्याची किंमत सासूबाईंना सांगितलेली नाही आणि इथंही सांगणार नाही.

घराच्या कामाला साडेसहा लाख लागले. त्यातले चित्रांसाठी म्हणून दीड लाखाच्या आसपास: दिवे, रेल, खिडक्यांची फिल्म, फ्रेमिंग. बाकीचे वायरिंग, प्लास्टर आणि न्हाणीघराची गळती काढण्यात गेले. ते चित्रं नसती तरी करावंच लागलं असतं.

रझा, गायतोंडे असं काही आहे का तुमच्याकडे?

नाही. तसलं काही असतं तर आम्ही प्रतापनगरात लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहिलो नसतो. पण प्रश्न रास्त आहे, कारण हे दोन्ही मोठे चित्रकार थोडे थोडे आपले आहेत. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, जन्म १९२२ चा. मुंबईच्या जे. जे. त जाण्याआधी १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. पुढे आयुष्य पॅरिसमध्ये काढलं, पण २०१६ साली दफन मंडल्यातच झालं, वडिलांच्या शेजारी. गावात या दोघांची आठवण रस्त्यावर, चौकात, कुठंच फारशी दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. असो.

सुरुवात कशी केली? डिझायनर कोण?

डिझायनर नाही. एक इंटिरियरवाले येऊन गेले होते. त्यांनी हॉलच्या मुख्य भिंतीवर टीव्हीचं पॅनेल, छताला पीओपीच्या लाटा आणि "इकडे एक-दोन पेंटिंग्ज टाकू, कुशनला मॅच होणारी" असं सुचवलं. नवऱ्यानं त्यांना चहा पाजून निरोप दिला.

आम्ही आधी मोजमाप घेतलं. प्रत्येक कलाकृतीचा फोटो, लांबी-रुंदी, वजन, कशावर काढलीय (कागद, कॅनव्हास, कापड, धातू) आणि मागची स्थिती, असं एका वहीत लिहिलं. मागची बाजू पाहणं आम्ही तेरा वर्षांत प्रथमच केलं. अकरा फ्रेमच्या मागे कसर निघाली आणि एकीत पालीची अंडी.

मग वर्तमानपत्राचे कागद चित्रांच्या मापानं कापून सुताराच्या चिकटपट्टीनं भिंतींवर लावले. दोन महिने आम्ही त्या वर्तमानपत्रांत राहिलो. पाहुण्यांना वाटायचं, रंगकाम चाललंय. ज्या कागदापाशी आपण सारखे थांबतो, ज्याला खांदा घासतो, ज्यावर सकाळी ऊन पडतं, ते सगळं फुकटात कळलं.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची निघाली: घाई केली नाही. एक पूर्ण वर्ष प्रत्येक भिंत कशी वागते ते पाहिलं. मे महिन्यातली भिंत आणि ऑगस्टमधली भिंत ही एकच भिंत नसते.

नागपूरच्या उन्हाळ्यात चित्रं टिकतात का?

खरा प्रश्न हा. बाकी सगळं हौस.

लोकांना वाटतं, त्रास उष्णतेचा. उष्णतेचा आहेच. आमच्या हॉलची पश्चिमेची भिंत बाहेरची आहे, नऊ इंची विटांची. दिवसभर तापते आणि रात्री नऊला हात लावला तरी कोमट तव्यासारखी लागते. त्या भिंतीवर आमचं एक जुनं तैलचित्र आठ वर्षं होतं. त्याच्या रंगाला बारीक भेगा पडल्या आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. ते नुकसान भरून येणार नाही. आता त्या भिंतीवर काही नाही. पुस्तकांचं कपाट आहे, तेही भिंतीपासून चार बोटं सोडून.

पण कागदाचा मोठा वैरी निघाला कूलर.

नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी असते. म्हणून तर कूलर इथं चालतो आणि मुंबईत चालत नाही: कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ताट्या भिजल्या, पंखा फिरला, की घर गारेगार. वाळ्याच्या ताट्या असतील तर वासानं अर्धं दुपारचं जेवण पचतं. पण ते उडालेलं पाणी घरातच येतं ना! आम्ही एक साधा आर्द्रतामापक आणला. एका दुपारी कूलर बंद असताना हॉलमध्ये १९ टक्के दाखवत होता, चालू केल्यावर दोन तासांत ६८. संध्याकाळी वीज गेली, कूलर थांबला, खिडक्या उघडल्या, तर परत खाली. कागद ओल मिळाली की फुगतो, वाळला की आक्रसतो. दिवसातून दोनदा, अडीच-तीन महिने. माझ्या एचिंग्जना (धातूच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेले छाप) लाटा का आल्या होत्या, ते त्या दिवशी समजलं. संग्रहालयं साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या मधली आर्द्रता धरून चालतात आणि मुख्य म्हणजे ती झपाट्यानं बदलू देत नाहीत. सतत थोडी वाईट हवा परवडते, पण रोजचे हिंदोळे परवडत नाहीत.

मग काय केलं? कूलर काढून टाका असं सांगणं सोपं आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, नागपूरकराला ते सांगून पाहा. आम्ही घराचे दोन भाग केले. हॉलच्या बाल्कनीकडच्या अर्ध्या भागात कूलर आहे. त्याच्या वाऱ्याच्या वाटेत कागद किंवा कापड एकही नाही, तिथं धातूच्या मूर्ती आणि मातीची भांडी. सगळा कागद आतल्या बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये गेला. बेडरूमला आधीपासून एसी होता, आता कूलरच्या दिवसांत तिचं दार लावलेलं असतं. पॅसेज म्हणजे घराच्या पोटातली साडेतीन फूट रुंदीची, एकही बाहेरची भिंत नसलेली बोळ. आधी तिथं इस्त्रीचं टेबल आणि जुन्या रद्दीचा ढीग होता. तीच आता आमची सर्वांत चांगली गॅलरी आहे. ऊन नाही, ओल नाही, आणि जाता-येता चित्र नाकासमोर.

घर मांडण्याचा सगळा विचार या एका गोष्टीवर ठरला. कोणतं चित्र कुठं शोभेल हे नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते कुठं जगेल.

आणि पावसाळ्यात?

पावसाळ्यात कूलर धुवून, कोरडा करून, पॉलिथिन घालून ठेवला जातो आणि बुरशीची पाळी येते. आर्द्रता बरेच दिवस सत्तरीच्या वर राहिली की काचेच्या आत पांढरे ठिपके दिसू लागतात. उपाय घरगुती आहेत. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर काहीच टांगलं नाही. दर पंधरा दिवसांनी पॅसेजमधल्या फ्रेम हलवून मागे टॉर्च मारायचा. हे काम मुलीकडे आहे आणि त्याचे तिला पैसे मिळतात, कसर सापडली तर बोनस. डांबराच्या गोळ्या फ्रेममध्ये कोंबू नका. वाळवीचा औषधोपचार मात्र फर्निचर यायच्या आधी करून घ्या, नंतर मागे पोचताच येत नाही.

दिवे कोणते लावले?

आधी हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट होत्या. ट्यूबखाली सगळी माणसं आजारी दिसतात, चित्रंही. आता छताला पट्टी बसवून त्यात फिरवता येणारे एलईडी आहेत, रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे, पिवळसर उजेडाचे. दुकानदाराला सीआरआय विचारलं की तो आधी वॅट सांगतो. खोक्यावर पाहून घ्या.

कागद आणि कापड यांच्यासाठी संग्रहालयांत ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात, तैलरंगांना २०० पर्यंत. ५० लक्स म्हणजे आपल्याला "लाईट लाव ना जरा" म्हणावंसं वाटेल इतका मंद. आम्ही ते काटेकोर पाळत नाही, राहायचंही आहे. फक्त पॅसेजच्या दिव्याला माणूस आला की लागणारा सेन्सर बसवला. उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं आणि रंग एकदा उडाला की अंधारात ठेवून परत येत नाही, म्हणून न पाहणाऱ्या वेळेचा उजेड वाचवायचा.

खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावली. त्यानं ऊन थांबत नाही, थोडं सौम्य होतं. थेट ऊन पडतं तिथं फिल्मवर विसंबून चित्र लावणं म्हणजे छत्री घेऊन अंबाझरी तलावात पोहायला जाणं.

फ्रेम कुठून करता? किती लागतात?

इतवारीत करतो. कारागीर उत्तम आहे, पण आधी त्याच्याशी भांडावं लागलं. त्याच्याकडे जाण्यापूर्वी एका दुसऱ्या दुकानात मी एक लाकूडठसा दिला होता. परत आला तेव्हा कागद पुठ्ठ्यावर सपाट चिकटवलेला, "एकदम टाइट बसवला मॅडम, कधी उचलणार नाही." खरंच उचलणार नाही, आता कधीच. ठशाची मागची बाजू आणि त्याची किंमत दोन्ही गेली. दुकानदार मनापासून खूश होता, त्याला काय बोलणार!

तेव्हापासून आमच्या अटी लिहून दिलेल्या असतात. माउंट, म्हणजे चित्राच्या मागचा-भोवतीचा पुठ्ठा, आम्लविरहित पाहिजे, कारण साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल चित्राच्या कडेनं तपकिरी रेघ सोडतं. काच चित्राला टेकता कामा नये. सेलोटेप, फेविकॉल नाही. कागद वरच्या कडेनं, पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीनं टांगायचा. खळ आम्ही घरून करून नेली. कारागिरानं बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाला, "हे तर आमची आजी पतंगाला लावत होती." मग त्याला पटलं.

खर्च जास्त येतो. १,२०० च्या लिनोकटला २,१०० ची फ्रेम लागली. मुलीला हे गणित अजून समजत नाही आणि मलाही नीट समजावता येत नाही.

खिळे किती मारले? सोसायटीनं काही म्हटलं नाही?

हॉल आणि पॅसेजमध्ये छताजवळून अॅल्युमिनियमची रेल फिरवली आहे, त्यातून तारा लोंबतात. चित्र बदललं तरी भिंतीला नवं भोक नाही. जिथं रेल नाही तिथं ड्रिल, गिट्टी (भोकात बसवायची खुंटी) आणि स्क्रू. खिळा ठोकायचा नाही, जुन्या प्लास्टरचा पोपडाच निघतो. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांना वेगळे अँकर लागतात. मिस्त्रीला आधी भिंत कशाची ते विचारा.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवतात असा संग्रहालयी नियम आहे. उभ्यानं पाहायच्या जागी तो बरोबर बसतो. जेवणाच्या टेबलामागे मात्र आम्ही १२० वर आणला, कारण तिथं सगळे बसलेले असतात. आपल्याकडे चित्रं फार वर लावायची खोड आहे, स्वर्गवासी आजोबांच्या फोटोची सवय.

भिंत एकही पाडली नाही. तशी एक पाडायची होती, पण इंजिनियर म्हणाले तिच्यात वरच्या मजल्याचा भार आहे. विषय संपला.

तुमच्या दोघांची आवड एकच आहे का? भांडणं होत नाहीत?

होतात. नवऱ्याला अशी चित्रं आवडतात ज्यांत काहीही नाही: एक करडा, त्यात दुसरा करडा, फार तर एक रेघ. मला माणसं, जनावरं, गर्दी लागते. माझी गोंड आदिवासी शैलीतली चित्रं पाहून तो म्हणतो, "डोळ्याला बसायला जागाच नाही." त्याचं मोठं कॅनव्हास पाहून माझी आई म्हणाली, "अर्धंच झालंय का?"

आधी आम्ही सगळं मिसळून लावलं होतं, समेट म्हणून. ते वाईट दिसत होतं. करड्या कॅनव्हासशेजारी ठिपक्यांनी भरलेलं हरीण आलं की हरीण बटबटीत वाटतं आणि कॅनव्हास मेलेलं. दोघांचंही नुकसान. घर दोघांचं आहे म्हणजे प्रत्येक भिंत दोघांची असली पाहिजे, हा हट्ट आम्ही सोडला, तेव्हा घर जमून आलं. आता हॉलची दक्षिणेची भिंत त्याची. तिच्यावर ते एकच कॅनव्हास, आजूबाजूला सात फूट मोकळी जागा. पॅसेज माझा, तिथं बावीस चित्रं खेटून. मोकळ्या जागेवरून मी कुरकुर करायची नाही आणि गर्दीवरून त्यानं.

नवं काही विकत घ्यायचं तर नकाराधिकार दोघांनाही आहे, पण वर्षातून एकदाच वापरता येतो. यंदाचा माझा मार्चमध्येच वापरून झाला. वापरला तो एका काळ्या चौकोनावर आणि मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. दोन वर्षं रोज त्या करड्यासमोर चहा पितेय. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन फिरून आलं की त्यात एक जांभळट थर दिसतो, साधारण सात-आठ मिनिटं. नवऱ्याला मी हे सांगितलेलं नाही.

ही गोंड चित्रं खरी आहेत का? कुठून घेतली?

निम्मी सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात, थेट कलावंतांकडून. बाकीची पाटणगढहून. हे गाव मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात आहे, आणि जनगढसिंह श्याम तिथले. भोपाळचं भारत भवन १९८२ साली उघडलं, त्याच्या आसपास चित्रकार ज. स्वामीनाथन यांच्या चमूला त्यांची भिंतीवरची चित्रं दिसली. पुढे कागद आणि कॅनव्हासवर त्यांनी जी शैली उभी केली तिला जनगढ कलम म्हणतात. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. आज गावातल्या कितीतरी घरांत चित्रं काढतात आणि प्रत्येकाचं ठिपक्या-रेघांचं भरण वेगळं असतं. एकाचं तांदळासारखं, दुसऱ्याचं माशाच्या खवल्यांसारखं. तीच सही. ते भरण ओळखायला लागलात की छापील नक्कल चटकन कळते: तिच्यात रेघ कुठंच थकत नाही.

घासाघीस करू नका. पावतीवर कलावंताचं नाव, माप, वर्ष लिहून घ्या. आणि चित्र विकत घेतलं म्हणून त्याचे कप आणि कॅलेंडरं छापायचा हक्क मिळत नाही, कॉपीराइट कलावंताकडेच राहतो. आमच्या एका नातेवाइकाला लग्नपत्रिकेवर माझं हरीण हवं होतं, त्याला मी त्या चित्रकाराचा नंबर दिला. त्यानं योग्य पैसे घेऊन नवं हरीण काढून दिलं, जास्त चांगलं.

ढोकऱ्याच्या मूर्ती एवढ्या काळ्या का? घासत नाही का कोणी?

एकदा घासल्या गेल्या. आम्ही गावाला गेलो असताना कामाच्या मावशींनी माया करून बस्तरचा हत्ती आणि दोन दिवट्या चिंचेनं लखलखीत केल्या. मावशींची चूक नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं. ढोकऱ्यात मेणाच्या बारीक दोऱ्यांनी आकार घडवतात, त्यावर माती थापतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. प्रत्येक साचा फोडूनच मूर्ती निघते, म्हणून दुसरी तशीच होत नाही. त्या दोऱ्यांमधल्या खाचा काळ्या राहिल्या तरच नक्षी दिसते. आमचा हत्ती आता थेट भांड्यांच्या दुकानातला वाटतो. पाच-सात वर्षांत परत काळवंडेल. तोवर मऊ ब्रश, बाकी काही नाही.

आजीचं लुगडं काचेत का कोंडलं?

ती टसरची करवतकाठी साडी आहे, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली. भंडारा-नागपूरकडची. टसरचे किडे आपल्याच जंगलांतल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. कापडाला उजेड कागदाइतकाच बाधतो, म्हणून ती वर्षातून चार महिनेच भिंतीवर असते, दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत. बाकी वेळ सुती कापडात, गुंडाळीवर, घडी न घालता. घडीच्या जागी रेशीम तुटतं. आजीनं ती नेसून उसाचा रस सांडलेला डाग आहे, तो काढलेला नाही.

एवढा मोठा पडदा कसला आहे?

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या, नाटकाचा. वडसा म्हणजे देसाईगंजकडे हिवाळ्यात रात्रभर नाटकं चालतात. त्यांतल्या एका जुन्या रंगवलेल्या पडद्याचा हा तुकडा, राजवाड्याचा दरबार, सात फूट उंच. एका मित्राकडे ट्रॅक्टरवर ताडपत्री म्हणून वापरात होता. फ्रेम करणं अशक्य. वरच्या कडेला सुती खोळ शिवून त्यात काठी घातली, नऊवारी वाळत घालतात तशी. बेडरूमच्या कपाटांची दारं काढून टाकली आणि त्यांच्यापुढे तो सोडला. म्हणजे रोज सकाळी नवरा दरबार बाजूला सारून शर्ट काढतो. जुना रंग त्यानं झिजतो, हे मान्य आहे. रंगभूमीवरचा पडदा आहे, त्याला वर-खाली होण्याची सवय असेल असं म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली आहे.

टीव्ही? देवघर? वास्तू?

टीव्ही मुलीच्या खोलीत गेला, ती खूश. देवघर ईशान्येलाच आहे, सासूबाई खूश. देवांमागे आजोबांच्या महालातल्या घरून आलेला रविवर्मा प्रेसचा सरस्वतीचा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी छापील तसबीर, आहे. त्यावरचं वार्निश पिवळं पडलंय, त्यात समईच्या काजळीची भर नको म्हणून समई दोन फूट पुढे आणली. यावर महिनाभर घरात चर्चा झाली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, देवीला धूर कशाला.

विमा, कर, कागदपत्रं?

थोडक्यात: प्रत्येक वस्तूचा फोटो आणि पावती दोन ठिकाणी ठेवा. घरातल्या सामानाचा विमा घेताना कलाकृतींची वेगळी यादी आणि मूल्य द्यावं लागतं का, ते कंपनीला लेखी विचारा. आयकरात दागिन्यांसारखीच चित्रं आणि शिल्पंही वैयक्तिक वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, विकून नफा झाला तर तो भांडवली नफा असतो. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि अशी कोणतीच वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. पोथ्यांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

भिंतींचा रंग कोणता आहे? फार छान दिसतो.

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा, आणि याचं उत्तर देताना आम्हा दोघांनाही थोडा राग येतो. ५८ कलाकृती पाहून लोक रंगाचं नाव विचारतात! पांढऱ्यात चिमूटभर राखाडी आणि थेंबभर पिवळा, चकाकी नसलेला. नुसता पांढरा नागपूरच्या दुपारी डोळ्यांत जातो. पॅसेज मात्र गेरूच्या जवळचा आहे, कारण गोंड चित्रं आधी मातीच्या भिंतींवरच होती.

बघायला येऊ का?

या. रविवारी सकाळी, दहाच्या आत, मे महिना सोडून. तर्री पोहे मिळतील, पण ते जेवणाच्या टेबलावरच खायचे, पॅसेजमध्ये प्लेट न्यायची नाही. हा नियम एका जवळच्या मित्रामुळे झाला आणि तर्रीचा तो डाग माउंटवर आहे, चित्रावर नाही, म्हणून मैत्री टिकली.

दार उघडल्यावर चपलांच्या कपाटावर एक रिकामा स्क्रू दिसेल. काही पडलेलं नाही. घरात शिरताना सगळ्यात आधी दिसणारी जागा ती, आणि तिथं काय लावायचं यावर आमचं दोन वर्षं एकमत नाही. तुमचं मत विचारलं जाईल. मारबत म्हणालात तर मी जास्तीचा चहा देईन.